बिनमाणसाचं साल

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात भुताखेताले जागा नाही. भिंतीवर बाबासायबाचा फोटो, बाजूले बावीस प्रतिज्ञा, आणि माही माय अशी, का कोणी अंगारा घेऊन दारात आलं तर त्याले आधी पाणी पाजे, मंग चार शब्द सुनवे आणि वाटेले लावे. म्हून गावात कोणी "तुह्या मायले लागीर झालं होतं" म्हटलं ना, तर माहं डोस्कं अजूनही सणकते. लागीर-बिगीर काही नाही. जे झालं ते माह्या कंप्युटरनं केलं, आणि तो कंप्युटर मीच चालवत होती.

मी धम्मशीला. चिखलीले पाण्याच्या एका प्रकल्पात कामाले आहे. काम काय, तर कंप्युटरमंदी जमीन बनवायची. माती किती खोल, मुरूम कुठी लागते, खालचं पाणी कुठी, वर पीक कोणतं, हे सगळं आकड्यानं भरायचं. वरून एका खऱ्या सालाचं ऊन, वारं, पाऊस सोडायचा. मंग पाहायचं का पाणी किती मुरते, किती वाहून जाते आणि किती वाफ होऊन परत आभाळात जाते. आमच्या गावात, उंद्रीत, लोकायले वाटते मी मोबाईल दुरुस्त करते. माह्या सख्ख्या मावसभावानं दोनदा बिघडलेला चार्जर आणून दिला, काय सांगायचं बाप्पा!

या कामात एक रीत आहे. नवी जमीन भरली का तिले सुरुवातीले काहीच ठाव नसते. खालचं पाणी आपण अंदाजानं ठेवलेलं असते, ते तिले पटत नाही. म्हून तिच्यावर एकच साल पुन्हा पुन्हा सोडायचं. तोच पाऊस, तेच ऊन, तोच हिवाळा, आणि साल संपलं का परत पहिल्यापासून. असे फेरे खात खात खालचं पाणी एका जागी येऊन बसते. ते बसलं म्हणजे जमीन तयार झाली. आमचा फैजान या रितीले घाणा म्हणते. फैजान म्हणजे यंत्रं बसवणारा, चिखलीचाच, तोंडानं फाटका पण मनानं लय चांगला. "ताई, आज जमीन को घाने में जोता क्या?" असं विचारल्याशिवाय तो चहा सांगत नाही.

पहिला चौकोन, म्हणजे कंप्युटरात भरायचा जमिनीचा तुकडा, मी उंद्रीचा निवडला, कारण तिथं माही माय होती. भिमाबाई तिचं नाव. आमच्या भीमनगरातलं शेवटचं घर तिचं, मागं आमचं अडीच एकर वावर, आणि वावराच्या कोपऱ्यात भीमनगराची विहीर. गावच्या विहिरीले आमच्या लोकायले हात लावू देत नव्हते, तवा माह्या आज्यानं आणि त्याच्या जोडीच्यांनी ती खणली. दर साली वीस मार्चले, चवदार तळ्याच्या दिवशी, सारं भीमनगर तिथं जमते आणि लहानथोर सगळे त्या विहिरीचं एकेक ओंजळ पाणी पितात. भाषण नाही, भोंगा नाही. ओंजळ प्यायची आणि घरी जायचं.

पण मागल्या काही सालांपासून विहीर फेब्रुवारीतच कोरडी पडे. एका साली पोरायनं टँकरचं पाणी आणून तिच्यात ओतलं. माय भडकली. "टँकरचंच प्यायचं तर टँकरखाली उभे राहा ना, इथं काऊन आले?" म्हणे. त्या दिवशी ती एकटीच न पिता घरी आली, आणि तवापासून तिच्या डोस्क्यात एकच गोष्ट बसली. मरायच्या आधी त्या विहिरीत आपलं पाणी पाह्यचं आणि सगळ्यायच्या ओंजळीत पडलेलं पाह्यचं.

फैजाननं हिवाळ्यात विहिरीत पाणी मोजायचं यंत्र सोडलं. त्याचा आकडा आपोआप हापिसात येई. तरी मले यंत्रावर भरोसा नाही, म्हून घाणा लावायच्या आधी दुपारी मी मायले फोन करे. "माय, दोर सोड, पाणी कुठी आहे सांग." ती सांगे. मंग मी म्हणे, "बरं, लावते आता."

आणि फेब्रुवारीत विहिरीचा आकडा वर चढाले लागला.

पावसाचा थेंब नाही, कालवा नाही, आणि रोज दुपारी पाणी हातभर वर. त्याहून चमत्कारिक म्हणजे कंप्युटरातली जमीनही तेच दाखवे. माह्या हिशोबानं तिथं पाणी खालीच बसायले पायजे होतं. फेऱ्यामागून फेरे झाले तरी ते बसेच ना, चढतच जाये. मी दोन वेळा सगळे आकडे तपासले. चूक सापडत नव्हती. फैजान म्हणे, "ताई, मशीन खराब हो गई. मेंढक बैठा होगा उसपे." मी म्हटलं, चल बे, स्वतः पाहून येऊ.

शनिवारी आम्ही मोटरसायकलनं उंद्रीले गेलो. आमच्या कुंपणापाशीच रुखमाबाईनं आडवलं. ती मायची शेजारीण, तिचं घर आमच्या भिंतीले लागून, पण माह्या चौकोनाची हद्द बरोबर त्या दोन घराच्या मधून जाते. ते मी तवा ध्यानात घेतलं नव्हतं.

"पोरी, तुह्या मायले दवाखान्यात ने," ती हळूच म्हणे. "दुपारी ओट्यावर बसलेली असते. फोन ठेवते, डोये मिटते, उघडते, आणि मंग वेगळीच दिसते. आणि मीठ! आठ दिवसात तीनदा मीठ नेलं माह्याकडून. एवढं मीठ करते काय ते?"

मी आत गेली. मागच्या खेपेले पाह्यलं तवा मायचे केस काळे होते, कानामागं थोडे पांढरे. आता सारं डोस्कं कापसावानी पांढरं. हात काळे पडलेले, बोटायची पेरं सुजलेली, कंबर वाकलेली. चुलीपाशी बसून ती बोटानं मीठ चाटून राह्यली होती. मले पाह्यलं, उठली, आणि माह्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. डोळे भरून आले तिचे.

"लय वर्सानं आली पोरी," ती म्हणे.

मी मागच्याच रविवारी येऊन गेली होती. दारातला फैजान हसत आत येत होता, तो तिले पाहून उंबऱ्यावरच थांबला. त्यानं हिवाळ्यात तिच्या हातची भाकर खाल्ली होती.

"माय, हे काय झालं तुले?"

"बस आधी. पाणी पे. विहिरीचं हाय," माय म्हणे. मंग सांगाले लागली, अगदी शांतपणानं, बाजाराची गोष्ट सांगावी तशी.

"दुपारी तुहा फोन येते. 'लावते आता' म्हणतं. आणि मंग गल्ली गप होते."

"गप म्हणजे?"

"माणूसच नाही. रुखमाचं घर नाही. कुत्रं नाही, पाखरू नाही, माशी बी नाही. मी, हे घर, वावर आणि विहीर. बांधापलीकडं पाह्यलं तर काहीच नाही. अंधार असता तरी बरं वाटलं असतं. आणि मंग साल निघते, पोरी. पुरं साल. पाऊस येते, पण तो आपल्यासारखा पाऊस नोहे. घंटाभर एकसारखा पडते, कमी नाही का जास्त नाही, आणि घंटा भरला का एकदम बदलते, कोणी तोटी फिरवल्यावानी. ऊन बी तसंच. वारं सुटते, पण कोणत्या अंगानं येते ते समजत नाही. आणि रात होते, पण चांद नाही. एकाही सालात मले चांद दिसला नाही."

पाऊस मी घंट्याघंट्याच्या आकड्यानं भरला होता. ऊनही तसंच. वाऱ्याचा वेग भरला होता, दिशा भरलीच नव्हती, कारण एका चौकोनाच्या हिशोबाले दिशा लागत नाही. आणि चांद कोण भरते? पाखरं, कुत्री, माणसं कोण भरते? माह्या जमिनीत माती होती, पाणी होतं, हवा होती. बाकी मी काही ठेवलंच नव्हतं. हे कोणाले सांगायची कधी वेळ आली नव्हती, फैजानलेही ठाव नव्हतं.

तरी मी विचारलं, कारण मले अजून वाटत होतं का ही तापात बडबडून राह्यली. "पीक कोणतं होतं, माय?"

"ज्वारी. घराच्या दारापर्यंत ज्वारी. पेरली कोणीच नाही, आपोआप येते. तेच खाल्लं मी. मीठ मातर पहिल्या सालातच सरलं."

आमच्या वावरात त्या साली हरभरा होता. ज्वारी फक्त माह्या कंप्युटरात होती.

"किती सालं झाली?"

"मोजणं सोडलं. दहा असतील, बारा असतील."

फैजान दारातूनच पुटपुटला, "या अल्ला." मी मायले धरून रडाले लागली. बारा साल माही माय एकटी, बोलायले कोणी नाही, आणि मी चिखलीत चहा पित स्क्रीन पाहून राह्यली होती! ती मातर रडत नव्हती. मले उठवलं, हात धरून मागं वावरात नेलं आणि म्हणे, "हे पाय."

वावराच्या चारही बाजूनं बांध घातलेला होता. मधात आडवे चर, एकामागं एक, उताराले धरून. त्यायच्यावर गवत माजलेलं, कडेची माती घट्ट बसलेली, सातआठ सालाचं जुनं काम दिसावं तसं. मागच्या रविवारी तिथं सपाट हरभरा होता.

"पयल्या दोन सालात मी नुसती रडली," माय म्हणे. "मंग ध्यानात आलं का पाणी वावरातून वाहत जाते आणि हद्दीपाशी गेलं का नाहीसं होते. पडते एवढं आणि राहते काहीच नाही. म्हटलं बसून काय करायचं? कुदळ होती, टोपलं होतं. घातला बांध."

तवा मले समजलं का माह्या हिशोबात चूक काऊन सापडत नव्हती. चूक नव्हतीच. त्या जमिनीत एक बाई कुदळ मारून राह्यली होती, आणि तिच्यामुळं पाणी चढत होतं.

"पयल्याच दिवशी सांगायचं ना मले!" मी ओरडली. "गप काऊन बसली तू?"

"सांगतलं असतं तर तुनं बंद केलं असतं."

"केलंच असतं! नसतं केलं का?"

"म्हून नाही सांगतलं," ती म्हणे. "आता एवढं सांग. बंद केलं तर हे पाणी टिकते का?"

खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मायपुढं माही जीभ वळत नाही. "नाही टिकत," मी म्हटलं. "खालचं पाणी अजून बसलं नाही. थांबलं का उतरत जाईन. अजून तीनचार फेरे लागतील."

"मंग लाव."

"तुले मारू का मी?"

दिवसभर भांडलो आम्ही. शेवटी मी तोड काढली. माय चौकोनाच्या बाहेर राहील, माह्यासंगं चिखलीले. फैजान कुंपणावर उभा राहून पाहील का आत कोणी माणूस का जनावर जात नाही. आणि फेरे रिकाम्या जमिनीवर होऊ द्यायचे. मायले पटलं नव्हतं, पण आली.

सोमवारी दुपारी हापिसात, मायले बाजूच्या खुर्चीवर बसवून, मी एकच फेरा लावला. पाणी चढलं नाही. स्क्रीनवरची रेघ आडवी झाली आणि मंग घसरत चालली. तेवढ्यात फैजानचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता त्याचा. "ताई, मैंने पलक झपकी बस. बांध टूट गया. मेरे सामने. टूटा नहीं, टूटा हुआ था."

संध्याकाळच्या आत आम्ही उंद्रीले पोचलो. वरच्या कोपऱ्यात बांध बैलगाडी जाईन एवढा फुटलेला, खालचे तीन चर गाळानं भरलेले. एका पावसाळ्यात कोणी पाहायले नव्हतं, म्हून एवढं झालं. माय त्या फुटक्या जागी गेली, मातीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली. बारा सालांची गोष्ट सांगतांना जी रडली नव्हती ती.

"सगळे मिळून उद्याच्या उद्या बांधू," मी म्हटलं. "पूर्ण भीमनगर येईन कुदळी घेऊन."

"आणि पाऊस कुठून आणतं?" ती म्हणे. "तूच म्हणतं ना, खालचं पाणी सालोसाल मुरते? पोरी, माह्या अंगातली बारा सालं गेली. ती तर तू परत देऊ शकत नाही. आता ती वाया बी घालवतं का?"

मी एकटीच चिखलीले परत आली आणि चार दिवस तिले फोन केला नाही. रोज यंत्राचा आकडा येई आणि पाणी वीतभर खाली गेलेलं दिसे. पाचव्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, "तीन फेरे. त्याच्यावर एक नाही. आणि तू एकटी जायची नाही. मी येते."

माय म्हणे, "येतांना मीठ आण."

फैजान बटन दाबायले तयारच होईना. "मेरी माँ समझ के बोल रहा हूँ, मत जाओ," म्हणे. मी त्याच्यावर ओरडली, मंग हात जोडले, मंग परत ओरडली. पाच पिशव्या मीठ, आगपेट्या, तापाच्या गोळ्या, नवं फावडं, मायचं औषध, हे सगळं घेऊन मी ओट्यावर मायच्या बाजूले बसली. दुपार होती. रुखमाबाईच्या घरातून फोडणीचा वास येत होता. फोन कानाले होता.

"लावू, ताई?"

"लाव," मी म्हटलं.

फोडणीचा वास गेला. आधी तो गेला, मंग आवाज. भिंतीपलीकडं रुखमाबाईचं घर होतं तिथं पाहवत नव्हतं, डोळाच ठरत नव्हता. वारं सुटलं, पदर उडाला, आणि माय म्हणे तसंच झालं. मी भिऊन तिचा हात घट्ट धरला. ती हसली. "सवय होते," म्हणे. "चाल, कुदळ घे."

पहिलं साल, खरं सांगते, आनंदात गेलं. माय बोलायची थांबेच ना. बारा सालाचं साचलेलं सगळं तिनं सांगतलं. माहा जन्म, बापाचं मरण, कोणत्या मैत्रिणीशी कधी अबोला धरला ते. बांध बुजवतांना बोले, भाकर थापतांना बोले, झोपेतही बोले. एक दिवस पावसात उभी राहून म्हणे, "आता बदलते पाय," आणि त्याच क्षणी पाऊस बदलला. दोघी हसलो. हसणं ऐकू आलं तेवढंच, दुसरीकडून काही आलं नाही, मंग दोघी परत कामाले लागलो.

चर आम्ही पहिल्याच सालात साफ केले. बांध दुप्पट रुंद केला. विहिरीचं पाणी वरच्या दगडापर्यंत आलं, आणि माय रोज सकाळी जाऊन काठावर बसे. तिले म्हटलं, "आता झालं ना मनासारखं?" तर म्हणे, "अजून लोक कुठी आले? लोकायनं प्यायलं का झालं."

दुसऱ्या सालच्या भादव्यात ती पडली. ताप नव्हता, छाती होती. श्वास लागे, ओठ निळे पडत. गोळ्या होत्या, पण त्या छातीच्या नव्हत्या. फोनमंदी काही नव्हतं. मी बांधापाशी गेली आणि त्या काहीच नाही तिकडं तोंड करून फैजानले हाका मारल्या. बंद कर म्हटलं. घसा फुटेपर्यंत बोंबलली. तिकडं त्याच्या बोटानं बटनही सोडलं नसेल अजून.

तिनं मले बाजूले बसवलं. "तू भांडत नाही तवा चांगली दिसतं," म्हणे. मंग विचारलं, "बांध पक्का हाय ना?" मी हो म्हटलं. पहाटेच्या आत ती गेली.

आमच्याकडं माणूस गेलं का चार जण येतात, कोणी एक त्रिशरण सांगते आणि बाकीचे त्याच्या मागं म्हणतात. मी एकटीनंच सांगतलं आणि एकटीनंच मागं म्हटलं. ज्वारीची धांडं आणि घराच्या आढ्याची लाकडं काढून वावरात तिले पेटवलं. धूर कोणत्याच बाजूले गेला नाही. मंग मी अख्खं एक साल आणि वरचे महिने तिथं एकटी राह्यली. बांध पाह्यला, चर साफ केले, भाकर केली. वाटलं ना सोडून द्यावं सगळं, लय वेळा वाटलं. पण बांध फुटला असता तर ती दुसऱ्यांदा मेली असती.

आणि मंग एकदम फोडणीचा वास आला.

मी ओट्यावर होती. कानाले फोन. "ताई? लगाया मैंने. हॅलो? कुछ हुआ क्या?" फैजान विचारून राह्यला होता. गल्लीत कुत्रं भुंकलं आणि मी दचकून भिंतीले टेकली. माह्या बाजूची जागा रिकामी होती. मागं विहिरीत पाणी वरच्या पायरीपर्यंत भरलेलं होतं, बसलेलं, आता न उतरणारं. ते मले न पाहताच ठाव होतं.

रुखमाबाई वाटी घेऊन कुंपणातून आत आली. वाटीतून वाफ निघत होती. "हे घे, भिमाबाईले पिठलं आवडते म्हून आणलं. सकाळी म्हणत होती, तुह्या हातचं खाऊन लय दिवस झाले." तिनं माह्या केसाकडं पाह्यलं, घराच्या उघड्या आढ्याकडं पाह्यलं. "कुठी गेली भिमाबाई? आत्ता तर इथं बसली होती तुह्याजवळ."

माणसाशी बोलून मले साल झालं होतं.

"गेली, मावशी."

"कुठी गेली?"

"वारली."

तिनं वाटी ओट्यावर ठेवली. "काय बोलतं पोरी! कवा?"

"मागल्या साली," मी म्हटलं. "भादव्यात."